धनुष्याची पाठ

माझ्या माहेरी धनुष्य घडत असताना बायकांनी त्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. आता गंमत बघा. धामणीचं लाकूड डोंगरातून आणायचं, पाचरी मारून उभं चिरायचं आणि त्याची जाड पट्टी चुलीवर टांगलेल्या बांबूच्या फळीवर वर्ष-दीड वर्ष ठेवायची. तिथे धुरात ती सावकाश सुकायची. आणि चूल कोण पेटवायचं? आई, काकी आणि मी. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून आमचे डोळे लालभडक व्हायचे आणि त्या धुरावर धनुष्य पक्कं व्हायचं. आमचा धूर चालायचा, हात चालत नसे. हे मी एकदा काकीला बोलून दाखवलं, तर तिने "मोठा शाणा झाला ह्या चेडू" म्हणत टपली मारली. काकी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. तिचं घर आमच्या घराला लागूनच, पण तिचं अर्धं आयुष्य आमच्याच पडवीत गेलं.

आमचं गाव मालवणजवळच्या कट्ट्याच्या बाजारापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. शिमग्यात तिथे पारध असते. आजोबांच्या काळात गाव खरोखर रानात शिरायचं आणि डुक्कर मारून आणायचं. पुढे शिकार बंद झाली. माझ्या आठवणीतली पारध म्हणजे देवळासमोरच्या मांडावर, म्हणजे मोकळ्या पटांगणावर, केळीचा गाभा उभा करायचा आणि गावच्या मानकऱ्याने त्यावर बाण सोडायचा. तेवढ्यासाठी सुद्धा धनुष्य मात्र खरं लागे. "देवासमोर काय खेळण्यातला धनुष घेवन उभ्या ऱ्हवाचा?" असं बाबा म्हणत. ते धनुष्य आमच्या घरातून जायचं. जुनं झिजलं, वाकलं की बाबा नवं करायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील करायचे. आणि एक रीत होती, की धनुष्य करणाऱ्याने मांडावर आधी स्वतः ते पुरतं ओढून दाखवायचं, मगच मानकऱ्याच्या हातात द्यायचं. दुखापत व्हायचीच असेल तर करणाऱ्याला होऊ दे, असा त्यातला हिशेब.

मी पंधरा वर्षांची होते त्या शिमग्याची गोष्ट. दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. बाबा त्याला हे काम शिकवत होते, आणि त्या वर्षी धनुष्यावर शेवटचा हात फिरवायला त्यांनी पहिल्यांदाच त्याला दिलं होतं. दादा चार दिवस नुसता तोऱ्यात होता. पारधीच्या आदल्या संध्याकाळी तयार धनुष्य पडवीतल्या खुंटीवर लटकत होतं. मला कावळा शिवला होता, म्हणून मी पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसले होते. मांजर वाशावरून उडी मारताना खुंटीला धडकलं आणि धनुष्य खाली यायला लागलं. खाली पाटा होता. मी उठून ते वरच्या वर झेललं. पडतं ते धरलं, एवढाच माझा गुन्हा. त्याच वेळी काकी दारातून आत आली.

दुसऱ्या दिवशी मांडावर बाबांनी धनुष्य कानापर्यंत ओढलं आणि ते मोडलं. बंदुकीसारखा आवाज झाला म्हणतात. मी घरी होते, मला ऐकू आला नाही. वरच्या भागाची ढलपी बाबांच्या डाव्या डोळ्याखाली घुसली. मालवणला नेलं, टाके घातले. डोळा वाचला, पण त्या डोळ्याने त्यांना पुढे कधी नीट दिसलं नाही. सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं म्हणायचे.

काकीने काय पाहिलं ते तिने कोणापासून लपवून ठेवलं नाही. ती वाईट बाई नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि गावालाही वाटलं. विहिरीवर माझी घागर लागली की बायका आपली बाजूला घ्यायच्या. "बापाशीचो डोळो खाल्ल्यान," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आईने मला जवळ घेतलं नाही असं नाही, पण तीही देवीला ओटी भरून आली आणि माझ्याकडून नाक घासून घेतलं. दादा त्या दिवसांत माझ्याशी फारसा बोलत नसे. मला वाटायचं, तो रागावलाय. त्याचं पहिलं धनुष्य मी मोडलं होतं ना.

आणि बाबा काहीच बोलले नाहीत. मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांच्या न बोलण्याचे मी तेव्हा उपकार मानले होते, हे आता लिहिताना माझं मलाच हसू येतं आणि जीव जळतो.

पुढे मी शिकले. पदवी घेतली. देवगडकडच्या घरात लग्न होऊन गेले. नवरा आंबेवाला, स्वभावाने मोकळा. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लाकूड आहे ते, मोडतं." मलाही ते कळत होतं. मुलीला मी कधी कोपऱ्यात बसवलं नाही, तिच्या बाबतीत कोणी तसं बोललं तर त्याला घराबाहेर काढायची माझी तयारी असते. पण डोक्याला कळतं ते हाताला कळेलच असं नाही. नवऱ्याने कलमांवर फवारायचा नवा पंप आणला, तर पहिल्यांदा मी त्याला हात लावत नसे. जावेचं बाळ बारशाआधी मी उचललं नाही. कारण विचारलं तर हात ओले आहेत म्हणायचे. तीस वर्षं माझे हात ओलेच होते.

मागच्या वर्षी बाबा अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. दादा बोटीवर, वर्षातून एकदा महिनाभर येणारा. मग मी माहेरी येऊन राहिले. बाबा पडवीत खाटेवर. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डावा आधीच गेल्यातला. मी त्यांना न्हाऊ घालायचे, पेज भरवायचे, आणि सकाळ-संध्याकाळ आमची भांडणं व्हायची. माझा स्वभाव तापट, तोही त्यांच्याकडूनच आलेला.

कार्तिकात गावचे चार जण आले. पारधीच्या जुन्या धनुष्याच्या मुठीला वाळवी लागली होती, नवं हवं होतं. "करूया," बाबा म्हणाले. मी बघतच राहिले. उठून बसायला दोन माणसं लागायची, आणि म्हणे करूया. घरात गॅस येऊन किती वर्षं झाली, पण मागच्या चुलीवर त्यांनी धामणीची एक पट्टी ठेवलेली होती आणि आंघोळीचं पाणी त्या चुलीवरच तापलं पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. तो हट्ट कशासाठी ते मला त्या दिवशी समजलं.

त्यांनी दादाला फोन लावायला सांगितला. येतोस का, महिनाभर काढ, मी सांगतो तसं कर. दादा पलीकडून म्हणाला, "बाबांनू, आता तयार गावतत. फायबरचे. मी धाडून देतंय." बाबांनी फोन माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाले,

"कोयती घेवन ये. आणि ती पट्टी काढ."

"कोणी काढायची?"

"हयसर दुसरा कोण आसा?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी. रिवाजाचं त्यांनी नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. पण फळीवरून ती काळी, धुराने माखलेली पट्टी खाली घेण्याआधी मी हात पदराला दोनदा पुसले, हे मी कबूल करते. मला एकच गोष्ट बघायची होती. माझ्या हाताने धनुष्य मोडतं की नाही. गावाला, देवाला, काकीला काय वाटतं त्याचं मला काही पडलं नव्हतं. मला स्वतःला ते एकदा कळायला हवं होतं, आणि हे मी बाबांना सांगितलं नाही.

मग रोज दुपारी, जेवणं उरकली की मी खाटेजवळ बसायचे. चार वाजता काकी यायची, त्याआधी बाबा सगळं खाटेखाली सरकवायला लावत. आधी साल काढली, कोयतीने नाही, बोटांनी आणि बांबूच्या चिपाट्याने. सालीखालचा भाग ती धनुष्याची पाठ, म्हणजे ओढताना जी बाहेरच्या बाजूला राहते ती. ओढणाऱ्याकडचं ते पोट. तासायचं ते फक्त पोट. पहिले आठ दिवस मी इतकं जपून तासलं की बाबा वैतागले. "चंदन उगाळतंस काय? लाकूड आसा ता, तेका राग येवचो नाय." मग मी जरा जोर केला तर, "होळी पेटवची आसा?" हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली की ते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. डोळे मिटलेले. मध्येच थांबायचे, नखाने खूण करायचे. हयसर जाड. मी तिथे कानस फिरवायचे. पुन्हा त्यांची चिमट. त्यांच्या बोटांना कागदाएवढा फरक कळायचा.

केवणीच्या झुडपाच्या सालीचा वाख, म्हणजे तिचे तंतू, मी भिजवून, पिळून, त्याची दोरी वळली. ती दोरी सैल बांधून पट्टी खुंटीला अडकवायची आणि थोडी थोडी ओढून वाक बघायचा. मी ओढायचे आणि बाबा कान द्यायचे. एक बाजू कमी वाकली की लाकूड किंचित कुरकुरतं, ते मला ऐकू यायला महिना लागला. ज्या दिवशी ऐकू आलं त्या दिवशी मी त्यांच्याआधी बोलले, "डाव्या टोकाक." ते हसले. दात नसलेलं, लहान मुलासारखं हसले. मला इतका आनंद झाला की मी उगाचच परसात जाऊन आले. त्या दोन महिन्यांत मी त्यांची जेवढी झाले तेवढी पंचेचाळीस वर्षांत कधी झाले नव्हते. हे सगळं मला पंधराव्या वर्षी मिळू शकलं असतं, असं वाटून वाईटही वाटायचं. पण तेव्हा ते वाईट वाटणं गोड होतं.

पौषात एका दुपारी मी पोटावर शेवटचा हात फिरवत होते. त्याला काच वापरतात. फुटक्या बाटलीचा तुकडा घेऊन त्याच्या धारेने खरवडायचं, म्हणजे बारीक पापुद्रा निघतो आणि लाकूड गुळगुळीत होतं. बाबा पडल्या पडल्या तो आवाज ऐकत होते.

"काच खंय मारतंस?"

"पोटाक."

"पाठीक मारू नको. तुझ्या भावान मारल्यान, तशी."

मी ऐकलं, पण कळलं नाही. हात चालूच होता.

"पाठीच्या शिरा आख्ख्या ऱ्हवाक होयेत," ते सांगत होते. "काचेन शिर तुटली, काय धनुष थयच मोडता. तेका वाटला, पाठ चकचकीत करूया, गाव बघीत. मोडला ता बरोबर थयच. तुकड्यार ओरखडे होते."

भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं. माझ्या हातातली काच थांबली.

"तुमका कधी समाजला?"

"काय?"

"दादान काच मारल्यान ता."

तेव्हा कुठे त्यांनी मान माझ्याकडे वळवली. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. 

"तेच दिवशी," म्हणाले. "दवाखान्यात नेताना तुकडो माझ्या हातात होतो. ओरखडे बोटाक लागले."

"मगे सांगलास कित्याक नाय? काकी, गाव, सगळी माका काय काय बोलत होती. तुमी ऐकत होतास."

माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी हात वर केला. तोच हात, ज्याच्या चिमटीत मी दोन महिने पट्टी देत होते.

"तेका हयसर ऱ्हवाचा होता," ते म्हणाले. "गावात, मांडार. तेचा नाव खराब झाला असता तर तेच्या हातचा धनुष परत कोणी घेतल्यानी नसता. तुका काय, लगीन होवन जावचा होता."

मी उठले. चुलीवर पेज ठेवलेली होती, ती करपली. करपलेलीच त्यांना भरवली आणि त्यांनी निमूट खाल्ली. मी त्यांच्यासमोर रडले नाही. दुखत होतं ते खोटा आळ आला म्हणून नव्हतं, तो तर आता उतरला होता. या माणसाने दोन पोरांमधून एकाला वाचवायचं ठरवलं आणि जी जाणार होती तिला सोडून दिलं, आणि तेही जीव न तुटता, बियाणं निवडावं तसं. ज्याच्यासाठी हे केलं तो विशीतच बोटीवर गेला. त्याने पुन्हा कधी कोयती धरली नाही. का धरली नाही, हे त्या दुपारीही मला कळत होतं, पण त्याच्यासाठी वाईट वाटून घ्यायला माझ्याकडे जागा उरली नव्हती.

तीन दिवस मी कामाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी बसले, कारण लाकडाचा काय दोष? पोट पुरं केलं. उंडीच्या बियांचं तेल चोळलं. दोरी घट्ट चढवली. मग प्रश्न आला, ओढून कोण बघणार? करणाऱ्याने आधी ओढायचं, ही रीत. मांडावर मला कोणी उभं करणार नव्हतं. बाबा म्हणाले, "आंगणात ओढ." सकाळची वेळ होती, अंगण नुकतंच सारवलेलं. मी उभी राहिले. डोळ्यावर चष्मा होता तो काढला नाही, उलट बरं वाटलं चष्मा आहे म्हणून. ओढलं. कानापर्यंत ओढलं. कुठे कुरकुर नाही, काही नाही. दोन्ही टोकं सारखी वाकली. मी तसंच धरून राहिले, हात भरून येईपर्यंत.

"बरा झाला," खाटेवरून बाबा म्हणाले. नुसतं दोरीच्या आवाजावरून.

ज्या क्षणाची मी तीस वर्षं वाट बघितली तो हा. आणि मला काहीच वाटलं नाही. माझ्या हाताने धनुष्य मोडत नाही हे मला त्या दुपारीच कळलं होतं, आणि कळलं तेही अशा तऱ्हेने, की नसतं कळलं तर बरं झालं असतं.

मी खाटेजवळ गेले. "एक काम करा," म्हटलं. "काकीक सांगा. तुमच्या तोंडान सांगा. दुसरा माका काय नको."

"सांगतंय," ते म्हणाले.

काकी आता ऐंशीच्या पुढची आहे. काठी टेकत रोज चार वाजता येऊन खाटेशेजारी बसायची. मी दोघांना चहा द्यायचे आणि बाबांकडे बघायचे. ते हवेबद्दल बोलायचे. काजूला मोहोर कसा आलाय ते बोलायचे. शिमग्यात मानकरी धनुष्य न्यायला आले, त्यांनी विचारलं, "ओढून कोणी बघितला?" बाबा म्हणाले, "ओढलेला आसा." तेवढंच. मांडावर बाण गाभ्यात आरपार गेला, असं सांगत पोरं घरी आली. धनुष्य परत येऊन खुंटीवर चढलं. चैत्र गेला. आंब्याचा हंगाम नवऱ्याने एकट्याने काढला. मी रोज चार वाजता चहा ठेवत होते आणि वाट बघत होते. एकदा काकी उठून गेल्यावर मी नुसती उभी राहिले, तेव्हा बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या." वैशाखात एका सकाळी त्यांना उठवायला गेले तर ते गेलेले होते.

दादाची बोट नेमकी बंदरात लागलेली होती, तो दुसऱ्या दिवशी पोचला. अग्नी त्याची वाट बघून दिला. तेरा दिवस आम्ही दोघं एका घरात होतो, भांडी, माणसं, भटजी, नारळ, यांतच वेळ गेला. तेराव्याला पाहुणे पांगले आणि दादाने खिडक्या लावायला घेतल्या. घर आता बंद राहणार होतं. मी धनुष्य कपड्यात गुंडाळून ठेवावं म्हणून खुंटीकडे हात नेला. पडवीत काकी बसलेली होती.

"गो चेडवा," ती म्हणाली, "तू हात लावू नको तेका. दादा काढतलो."

माझा हात हवेत थांबला. खरंच थांबला. केलेलं मी, ओढलेलं मी, आणि एका म्हातारीच्या शब्दावर हात मागे आला.

दादाने येऊन धनुष्य खाली काढलं. उजेडाला धरलं. मग त्याने एका टोकापासून पाठीवर अंगठा ठेवला आणि सावकाश दुसऱ्या टोकापर्यंत नेला, अगदी बाबा न्यायचे तसा. मध्ये एका जागी तो थांबला. पन्नाशीला टेकलेला माणूस, डोक्यावर नुकतीच वाढलेली पिकलेली खुंटं.

"पाठीक काच नाय लावलंस," तो हळूच म्हणाला.

"काय म्हणता तो?" काकीने विचारलं. तिला कमी ऐकू येतं.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. एवढंच बोल, मी मनात म्हणत होते, एकदाच, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं. त्याचे ओठ हलले. मग त्याने मान खाली घातली आणि धनुष्य छातीशी धरून तसाच उभा राहिला. 

"काय म्हणता गो तो?" काकीने पुन्हा विचारलं.

"काय नाय, काकी," मीच म्हटलं.